मूठ

कॅम्पग्राउंडवर राहायचा ट्रेलर मागे घेताना माझा नवरा व्हर्लिन पिकअपच्या आरशात बघतो, आणि मी मागे उभी राहून हातांनी खुणा करते. मी मूठ वर केली, की तो थांबतो. एकोणीस वर्षांत एक ओरखडा नाही. गेल्या ऑक्टोबरात मात्र तो पंधरा दिवस एकटाच मोंटानाला गेला होता, मासे पकडायला.

"एकट्याने ट्रेलर कसा लावलास रे?" तो परतल्यावर मी विचारलं होतं.

"जमवलं गं कसंतरी."

आज मी मूठ वर केली, तरी ट्रेलर मागेच येत राहिला आणि धाडकन झाडावर आदळला.

"डोळे फुटले का तुझे? मूठ दिसली नाही?"

"दिसली म्हणूनच आलो ना! मूठ म्हणजे 'ये अजून'. थांबायचं असलं की तू पंजा..."





एकोणीस वर्षांत मी त्याला पंजा कधी दाखवलाच नव्हता.