बंद कॅमेऱ्याआडून

वडवणीजवळच्या गावात पाण्याच्या टाकीची जागा ठरवायला पाणी योजना राबवणाऱ्या संस्थेनं यंदा मोबाईलवर बैठक घेतली, कारण पारावर बायका तोंडच उघडत नव्हत्या. वनमालानं तर बारा वर्षांत सासऱ्यांसमोर शब्द काढला नव्हता. आज सासरे ओसरीवर आपला फोन धरून बसले, ती आत चुलीपाशी. डोक्यावर पदर घ्यावा तसा तिनं आधी कॅमेरा बंद केला. “टाकी मारुतीपाशीच होईल,” सासरे म्हणाले. “मारुतीराया पाणी भरायला येत न्हाई,” ती बोलून गेली. “टाकी वरच्या वस्तीत बांधा. पाणी आपसूक खाली उतरतंय. वर मात्र आमी हंड्यानं चढवतो.” तेवढ्यात तिचा फोन टुणटुणला. “माझी बॅटरी संपायली, पण बोलणं ऱ्हायलंय,” ती घाईनं म्हणाली. दाराशी कुणी खाकरलं. सासऱ्यांनी पाठमोरं राहूनच आपला चार्जर उंबऱ्यावर ठेवला. “सूनबाई, समदं बोलून घे. मग मलाबी जवाब द्यायचाय.”