आत ये की

माइनक्राफ्ट नावाचा तो ठोकळ्यांचा गेम आधी कोपरगावातल्या एका पोराच्या मोबाईलवर आला आणि बघता बघता सगळ्या आळीला त्यानं झपाटलं. सुनीलरावांच्या राजनंदिनीनं त्यात आपलंच घर उभारलं, ओट्याच्या पायरीसकट. जोडीला, आपल्या घरून फोनवर बोलत बोलत खेळत होती वृषाली; सुनीलरावांकडे धुणीभांडी करणाऱ्या भिमाबाईंची मुलगी.

चांगुलपणाच्या हिशेबात सुनीलराव ही जोडी नेहमी जमेला धरत. आज तर भीमराज सर त्यांना समतेच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष व्हा म्हणायला आलेले. चहा होताच सुनीलरावांनी पोरीचा मोबाईल सरांपुढं धरला.

"बघा सर, दोघींनी मिळून बांधलंय. आमच्यात भेदभाव न्हाईच."

सर निरखून म्हणाले, "दुसरी पोरगी पायरीवरच थांबलीय की."

"अगं वृषाली, लाजतीस काय? आत ये की!" सुनीलराव स्पीकरवर मोठ्या मनानं ओरडले.

"खरंच, काका? थांबा, आईला विचारते."

पलीकडून भिमाबाईंचा हसरा आवाज आला, "नको गं बाई आत जाऊ. उगाच खेळातबी तुझ्यासाठी निराळा कप ठेवाया लागंल त्यांना."

सुनीलरावांनी घाईनं फोन बंद केला. पण बघायचं नाही म्हणता म्हणता त्यांची नजर खिडकीत पालथ्या घातलेल्या, कान तुटलेल्या कपावर गेलीच. आणि तिच्या मागोमाग सरांचीही.