विडा तोडतानाचा फोटो

"यांच्या तोंडात बोट घालू नका," डॉ. दीपमाला म्हणाल्या आणि पट्टी बांधलेलं आपलं बोट दाखवलं. "काल मी घातलं होतं."

दातांवरून माणूस ओळखणं हेच त्यांचं काम. एरवी पोलीस त्यांना मेलेल्यांसाठी बोलावत. मेलेले चावत नाहीत.

अमरावतीच्या त्या बेघर निवाऱ्यात तो भिंतीला टेकून बसला होता. दाढी पांढरी, गाल आत गेलेले, ओठ घट्ट मिटलेले. वच्छलाच्या लेखी तो तिचा नवरा गोवर्धन. कित्येक वर्षांपूर्वी डोकं फिरलं तसा तेल्हाऱ्याच्या घरून निघून गेलेला. निवारा चालवणाऱ्या देवानंदांच्या लेखी तो नुसता एक माणूस. पुराव्याशिवाय ते त्याला सोडणार नव्हते. आणि रक्त जुळवून बघावं, तर त्याच्या रक्ताचं कुणी उरलेलं नव्हतं.

"तायडे, चाल," वच्छलाचा भाऊ किशोर दारातूनच म्हणाला. "भाऊजी कसे पहिलवान होते, अन् हा तं काडी हाय. दुसऱ्याचा माणूस घरी नेशीन तं गावातले काय म्हनतीन?"

"अंग वाळतं, चेहरा उतरतो," दीपमाला म्हणाल्या. "दातांची ठेवण मात्र ज्याची त्याची. मला फक्त जुना फोटो द्या. दात दिसणारा."

इथंच तर सगळ्यांचं अडायचं. आपल्याकडे फोटो म्हटला की माणसं कोर्टात उभी असल्यासारखी उभी राहतात. वच्छलाच्या लग्नाच्या अल्बममध्येही सगळं वऱ्हाड ओठ मिटून. एक पान तेवढं तिनं पदराखाली दाबून धरलं होतं. शेवटी तेही पुढे केलं.

अंगाला हळद लागलेला तरणा गोवर्धन, दातांत विड्याचं एक टोक. दुसरं टोक दातांनी तोडायला वाकलेली ती. भोवती बाया खिदळताहेत.

दीपमालांनी फोटो खिडकीच्या उजेडात नेला. "अहो बाई! सुळा शेजारच्या दातावर चढलाय, समोरच्याचा कोपरा उडालाय, मधे फट. याहून चांगला फोटो मलाही काढता आला नसता. आता यांनी तोंड उघडलं की झालं."

त्यानं उघडलं नाही. देवानंदांनी केळं दाखवलं, किशोरनं दटावलं. ओठ आणखीच आवळले गेले.

वच्छला उठली आणि समोरच्या टपरीवरून विडा घेऊन आली. किशोरच्या ध्यानात आलं तसा तो कानापर्यंत लाल झाला.

"तायडे, इथं? लोकायसमोर? चावन ना तो!"

"लगनात तं अख्खं गाव होतं," ती म्हणाली. "तवा तूच टाया पिटत होता."

तिनं विडा दातांत धरला, गुडघ्यांवर बसली आणि तोंड त्याच्या तोंडाशी नेलं. तो बघत राहिला. मग त्याचे ओठ सुटले, दात दिसले, आणि त्यानं विड्याचं दुसरं टोक कचकन तोडलं. दीपमाला मोबाईलवर फोटो काढत सुटल्या.

"सुळा!" त्या ओरडल्याच. दोन्ही फोटो शेजारी धरले. चढलेला सुळा, उडालेला कोपरा, मधली फट. झिजले होते दात, पण तेच. "गोवर्धनच आहेत हे. लिहून देते. कोर्टात उभी राहून सांगते."

किशोर दारातून आत आला आणि जमिनीवरच बसला.

"ताई, तुम्हीही एकदा सांगा," देवानंद म्हणाले. "ओळखता ना यांना?"

वच्छलाचं तोंड भरलेलं. ती खिडकीशी गेली, पाटलिणीच्या तोऱ्यात लांब पिचकारी मारली आणि पदरानं ओठ पुसले.

"मी तं दारातूनच ओयखलं होतं. आता त्यायले इचारा, मले ओयखतात काय."

सगळे त्याच्याकडे वळले. गोवर्धन चावत होता. चावता चावता थांबला, आणि वच्छलाकडे बघून त्यानं कपाळाला आठी घातली.

"चुना कमी हाय," तो म्हणाला.