भरती येईपर्यंतचा रस्ता

जावयाला हवी होती सासऱ्यांची एक शाबासकी. नानांनी ती लग्नापासून अडकवून ठेवली होती. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या निर्जन किनारी अभयारण्यात त्याने टायरची हवा कमी करून जीप थेट वाळूत उतरवली.

"रस्ता कुठाय?" नाना खवचटपणे म्हणाले.

"हाच. भरती येईपर्यंत."

तेवढ्यात जवळच पाण्यातून देवमाशाची घराएवढी पाठ वर आली. शेजारी पिल्लू. उतरून बघताना नानांचे हात आपोआप जोडले गेले.

"निघूया नाना, पाणी चढतंय."

"थांबा हो, जावईबापू!"

जावयाने जीपकडे पाहिलं, नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो थांबला.

मायलेकरं दिसेनाशी झाली, तेव्हा लाटा जीपच्या खिडक्यांतून ये-जा करत होत्या.

"शाब्बास!" नाना समुद्राकडेच बघत म्हणाले.

नानांना देवमासा मिळाला, जावयाला शाबासकी. जीप नानांच्या मुलाची होती.