यंदाचं शून्य

वर्ष संपायला दोन दिवस उरले होते आणि जिल्ह्यात यंदा एकही बाळंतीण दगावली नव्हती. आरोग्य कार्यक्रम सांभाळणाऱ्या डॉक्टरांची बढती त्या शून्यावरच अवलंबून होती.

तेवढ्यात दवाखान्यातून नर्सचा फोन आला.

"सर, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाहीये. रक्ताच्या दोन पिशव्या पाठवा, कदाचित वाचेल."

"कदाचित नको. अँब्युलन्समध्ये घाला आणि शेजारच्या जिल्ह्यात पाठवा."

"अहो सर, तीन तासांचा रस्ता आहे! तेवढा वेळ तग नाही धरायची ती. नवरा पाया पडतोय इथं."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवलं.

 

"सिस्टर, आपली हद्द पुलापाशी संपते. पूल ओलांडेपर्यंत तरी जगेल ना?"