सीलबंद केबल

बेल्जियममधल्या आमच्या मेखेलनच्या शाळेत पर्यावरणदिन होता आणि मी बाबांना कंपनीची गाडी घेऊन बोलावलं होतं. माझ्याच हट्टापायी त्यांनी डिझेल सोडून पेट्रोलबरोबर विजेवरही चालणारी प्लग-इन हायब्रिड निवडली होती, हे वर्गाला तोंडपाठ होतं. “चार्जिंग कसं करता, दाखवा ना,” बाई म्हणाल्या. बाबांनी डिकी उघडली. वर्ष झालं तरी केबल सीलबंद प्लास्टिकमध्येच होती. “काका, कंपनीच्या कार्डावर पेट्रोल फुकट, मग घरची वीज कोण जाळणार?” माझ्या वर्गातला वान्नेस म्हणाला. सगळे खिदळले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. गाडी आली त्याच आठवड्यात गॅरेज मी माझ्या ड्रम्ससाठी भांडून घेतलं होतं. तेव्हापासून गाडी रस्त्यावर असते, तिथे प्लग कुठला? एवढं बाबांनी सांगितलं असतं तर ते सुटले असते. “मी आळशी आहे रे,” ते म्हणाले. “बाबा असेच आहेत,” मी हसत म्हटलं. त्यांच्याकडे मात्र बघवलं नाही.