चौथा स्टँड

सेनीनं चेंडू उचलला आणि आवाज सुरू झाला. हू, हू, हू. माकडाची नक्कल होती, पण संथ. घाई नसल्यासारखी, एका तालात.

लोरिसनं तिन्ही स्टँडकडे पाहिलं. एकही माणूस नव्हता. गेल्या महिन्यात त्याच्या गावच्या, काझालोंगा संघाच्या प्रेक्षकांनी पाहुण्या संघातल्या एका काळ्या खेळाडूवर हाच आवाज काढला होता. त्याची शिक्षा म्हणून आजचा सामना रिकाम्या मैदानात चालला होता. आजच्या पाहुण्यांचा गोलकीपर सेनी दियाता, तोही काळाच, चेंडू छातीशी धरून गोलसमोर उभा होता.

रेफरीनं शिटी मारली. सेनीनं चेंडू खाली ठेवला. आवाज थांबला.

"परत उचल," रेफरी म्हणाला.

हू, हू, हू.

"ठेव."

इतकं शांत झालं की कुठेतरी टेबलावर ताटं मांडली जात होती, ती ऐकू आली.

"बटण सापडलं की साहेब," सेनी म्हणाला. "अजून एकदा लावून बघू?"

रेफरी गोलमागच्या भिंतीकडे बघू लागला.

आवाज भिंतीपलीकडून येत होता. गोलच्या मागे पाच मजली इमारत होती. तिच्या खिडक्या थेट मैदानावर उघडत आणि तिथली माणसं बापजाद्यांपासून फुकट सामने बघत. गावात तिला चौथा स्टँडच म्हणत. नाताळात क्लब तिथं घरोघर केक पाठवी. शिक्षा ठोठावणाऱ्यांना ती ठाऊकच नव्हती. आज तिच्या सगळ्या खिडक्यांच्या हिरव्या झडपा बंद होत्या. फटींमागे काही हलत नव्हतं, पण फटींमागून सगळं दिसत होतं.

तिसऱ्या मजल्यावरचा आवाज मध्येच तुटायचा, खोकायचा, आणि पुन्हा ताल धरायचा. तो खोकला लोरिस लहानपणापासून शेजारच्या खोलीतून ऐकत आला होता.

सेनीही याच गावात वाढला. शाळा सुटली की तो लोरिसबरोबर त्याच तिसऱ्या मजल्यावर जेवायला जाई. या वर्षी तो शेजारच्या शहराकडून खेळू लागला. येऊ की नको, असं त्यानं बुधवारी फोनवर विचारलं होतं. "ये," लोरिस म्हणाला होता. "आवाज आला तर तुझ्या आधी मी मैदानाबाहेर पडेन."

रेफरीनं लोरिसला बाजूला घेतलं.

"कॅप्टन, तुम्ही सांगा. तो रस्त्यावरचा गोंगाट असेल तर मी खेळ चालू ठेवतो. ती माणसं तुमचे प्रेक्षक असतील तर सामना इथंच संपला, आणि हार तुमची. कोण आहेत ती?"

काझालोंगा एका गोलनं पुढे होतं. जिंकलं तर संघ या गटात टिकणार होता. हरला तर खालच्या गटात जाणार होता, आणि तिथून वर यायला लोरिसचं वय उरलं नव्हतं.

देनिस धावत आला. मघाचा गोल त्याचाच.

"लोरिस, पाच मिनिटं राहिलीत. रस्ता म्हण. रस्ताच आहे ना तो?"

"रस्ता इमारतीच्या पलीकडे आहे."

"तू नकाशा काढायला बसलायस का आता? मी पुढच्या वर्षी टाइलच्या कारखान्यात ओझी उचलू? सेनीला विचार. त्याला काही फरक पडत नाही."

सेनी त्यांच्याकडे बघत नव्हता. हातमोज्याचा पट्टा सोडत होता, आवळत होता, पुन्हा सोडत होता.

"आमचे," लोरिस म्हणाला. "आमचेच प्रेक्षक."

"नक्की? माझ्या अहवालात तुमचं नाव येईल."

"तिसऱ्या मजल्यावर माझे बाबा आहेत."

रेफरीनं लांब शिटी दिली. देनिस गवतावर थुंकला आणि एकटाच आत निघून गेला. बाकीचे त्याच्यामागे गेले. लोरिस उलट्या दिशेनं, सेनीजवळ गेला.

"मी पहिला निघणार होतो," तो म्हणाला.

"निघालास की. चल."

दोघं भिंतीच्या कडेनं चालू लागले. वरून आवाज नव्हता. तिसऱ्या मजल्याखाली आले तेव्हा झडपेमागे कुणीतरी खोकलं आणि घसा साफ केला. मग बाबांचा आवाज आला. रोजचा, स्वयंपाकघरातून हाक मारतात तसा.

"लोरिस, संपलं का रे? सेनीला वर घेऊन ये. आईनं ससा केलाय, मक्याचा पोलेंता आहे. त्याला म्हणावं, डुक्कर कशात घातलेलं नाही."

झडप उघडली नाही.

सेनी थांबला. त्यानं वर पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "आलो, काका."